साइनला अंश कळत नाहीत: प्रोग्राममध्ये कोन हाताळताना

ब्राउझरच्या कॅनव्हासवर मी पहिल्यांदा घड्याळ काढलं तेव्हा सेकंदकाटा उलटा फिरायला लागला. हिशोब सोपा होता. वर्तुळ ३६० अंशांचं, सेकंद ६०, म्हणजे दर सेकंदाला काटा ६ अंशांनी पुढे सरकवायचा. रोटेट फंक्शनला मी ६ दिले आणि काटा दर सेकंदाला सोळा-एक अंश मागे जाऊ लागला. चिन्ह चुकलं असेल म्हणून उणे केलं, तर तो पुढे गेला, पण तेवढ्याच लांब उड्या मारत. बराच वेळ वाया गेल्यावर कळलं की कॅनव्हासचं रोटेट अंश नाही, रेडियन हे कोनाचं दुसरं एकक घेतं. ६ रेडियन म्हणजे ३४३.७७ अंश. एका सेकंदात काटा जवळजवळ पूर्ण फेरी मारून १६.२३ अंश अलीकडेच थांबत होता आणि बघणाऱ्याला वाटत होतं की तो मागे आला.

या चुकीत एरर मेसेज येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही. ६ हा अंशही असू शकतो आणि रेडियनही, आणि साइन दोन्ही आकडे मुकाट्याने घेतं. म्हणून कोनाचं एकक तपासण्याची सवय सुरुवातीलाच लावून घ्यायला हवी.

वाचण्याआधी एक सूचना: फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने लिहायची.

पायरी १: समोरचं साधन काय घेतं ते तपासा

नवी भाषा, नवी लायब्ररी किंवा नवा कॅल्क्युलेटर हातात आला की आधी साइन(३०) काढून बघा. ०.५ आलं तर ते साधन अंशांत चालतं. −०.९८८ आलं तर रेडियनमध्ये. कॅल्क्युलेटरवर ०.४५४ आलं, तर तो चुकून ग्रेडियन मोडवर गेलाय. त्यात पूर्ण वर्तुळाचे ४०० भाग असतात, म्हणजे ३० ग्रेडियन हे २७ अंश झाले.

ही चाचणी शून्यावर करू नका. साइन(०) शून्यच आणि कोसाइन(०) एकच, कोन कुठल्याही एककात असला तरी. नवशिक्यांच्या चाचण्यांमध्ये हमखास शून्य असतं, ती चाचणी पास होते आणि चूक तशीच पुढे जाते. ९० घेतलंत तरी सावध राहा: साइन(९०) रेडियनमध्ये ०.८९४ येतं, आणि १ अपेक्षित असताना ०.८९४ दिसलं की "राउंडिंगचं काहीतरी असेल" असं मन स्वतःची समजूत घालतं. ३० वर घोटाळा होत नाही, कारण तिथे चिन्हच बदलतं.

पायरी २: रेडियन म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा

एक चाक घ्या. त्याच्या त्रिज्येएवढी दोरी कापा आणि ती कडेवर चिकटवून ठेवा. दोरीची दोन टोकं मध्याशी जो कोन करतात तो एक रेडियन, म्हणजे साधारण ५७.३ अंश. पूर्ण कडेवर अशा सहा दोऱ्या बसतात आणि थोडी जागा उरते, कारण परीघ हा त्रिज्येच्या २π, म्हणजे ६.२८३ पट असतो. अर्धं वर्तुळ म्हणजे π रेडियन म्हणजेच १८० अंश. लक्षात ठेवायचं ते एवढंच, बाकी सगळी रूपांतरं यातून निघतात.

३६० हा आकडा माणसांनी सोयीसाठी निवडलेला आहे. त्याला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० यांनी नीट भाग जातो, म्हणून तो टिकला. रेडियन असा निवडावा लागत नाही. कंसाची लांबी आणि त्रिज्या एकाच मापाने मोजली की तो आपोआप हाती येतो.

ही कल्पना नावापेक्षा खूप जुनी आहे. रेडियन हा शब्द छापून आला १८७३ मध्ये, जेम्स थॉमसन यांनी बेलफास्टमध्ये काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. पण आर्यभटाची ज्या-सारणी बघा (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेलं साइन). वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरल्या, तर त्रिज्या येते ३,४३८ कला. म्हणजे कंस आणि त्रिज्या दोन्ही कलांतच मोजली. सारणीतली पहिली पायरी २२५ कलांची (पावणेचार अंशांची) आणि तिची ज्याही २२५. लहान कोनाची ज्या जवळजवळ त्या कोनाएवढीच असते, ही गोष्ट तिथे नुसत्या आकड्यांत दिसते, आणि ती दिसते कारण दोन्ही मापं एकच आहेत. अंशांत लिहिलं तर साइन(३.७५ अंश) हे ०.०६५४ आहे. ३.७५ शी त्याचं काही नातं डोळ्यांना दिसत नाही. तोच कोन रेडियनमध्ये लिहा: ०.०६५४५. आता दिसतं.

संगणकाची साइन फंक्शन्सही याच नात्यावर उभी आहेत. आतमध्ये जी बहुपदी चालते तिची सुरुवात क्ष, मग वजा क्ष-घन भागिले ६ अशी असते, आणि ती क्ष रेडियनमध्ये असतानाच खरी ठरते.

पायरी ३: रूपांतर करा, पण हाताने शक्यतो नको

अंशांना π ÷ १८० ने गुणलं की रेडियन. रेडियनला १८० ÷ π ने गुणलं की अंश. कुठल्या बाजूने गुणायचं याचा गोंधळ झाला तर एवढं आठवा: रेडियनचा आकडा नेहमी लहान असतो.

बहुतेक ठिकाणी यासाठी तयार फंक्शन असतं, तेच वापरा. पायथनमध्ये मॅथ.रेडियन्स आणि मॅथ.डिग्रीज, नमपायमध्ये डेग-टू-रॅड आणि रॅड-टू-डेग, जावामध्ये मॅथ.टू-रेडियन्स. एक्सेलमध्ये साइन(रेडियन्स(सेल)) असं एकात एक लिहायचं. एक्सेलमध्ये हे विसरणारे सगळ्यात जास्त असावेत असा माझा अंदाज, कारण तिथे आकडे कोष्टकात नीट मांडलेले दिसतात आणि त्यामुळे ते खरे वाटतात. जावास्क्रिप्टच्या मॅथमध्ये मात्र असं फंक्शन नाही. स्वतःचं दोन ओळींचं लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

हाताने लिहिताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, π स्वतः टाइप करणं. ३.१४ लिहून १८० अंशांचं साइन काढलं तर शून्याऐवजी ०.००१५९ येतं. हजार युनिट लांबीची रेषा या कोनात काढलीत तर टोक दीड युनिटाहून जास्त हुकतं. शाळेतले २२/७ घेतलेत तर चूक साधारण तेवढीच, फक्त उलट्या बाजूला. भाषेचा स्वतःचा स्थिरांक घ्या. तो नसेल तर ४ × आर्कटॅन(१) हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. सी भाषेत सगळे वापरतात तो एम-पाय स्थिरांक मूळ आयएसओ प्रमाणाचा भाग नाही, त्यामुळे एखाद्या कंपायलरवर तो सापडत नाही. सी-प्लस-प्लसमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून प्रमाण ग्रंथालयातच π आहे.

दुसरं, पूर्णांकांचा भागाकार. सी किंवा जावामध्ये ३० / १८० * पाय असं लिहिलंत तर ३० / १८० आधी होतं, दोन्ही पूर्णांक असल्याने उत्तर ० येतं आणि पुढचा गुणाकार शून्यालाच होतो. मग १८० च्या आतल्या कोनांची सगळी साइन ० आणि सगळी कोसाइन १. १८० ऐवजी १८०.० लिहा.

तिसरं, दोनदा रूपांतर. एका फंक्शनने अंशांचे रेडियन केले, पुढच्याने ते अंश समजून पुन्हा केले. ३० चे झाले ०.५२३६, त्याचे झाले ०.००९१४. चित्रात हे "काहीच फिरत नाही" असं दिसतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पायरी ४: अंश फक्त दारात

हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसाकडून कोन घ्यायचा तो अंशांत, माणसाला दाखवायचा तोही अंशांत. मधल्या सगळ्या गणितात फक्त रेडियन. रूपांतर आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, मधे कुठेच नाही. मधल्या एखाद्या फंक्शनमध्ये १८० दिसला की तो संशयित.

सोबत चलांना एकक सांगणारी नावं द्या. नुसतं "कोन" किंवा "थीटा" नको. कोन_अंश आणि कोन_रेड अशी नावं ठेवलीत तर साइन(कोन_अंश) ही ओळ वाचतानाच खटकते, प्रोग्राम चालवावा लागत नाही. पायथन ३ मध्ये देवनागरी अक्षरांची चलनावंही चालतात, पण कीबोर्ड बदलत बसण्याचा वैताग पाहता मी ते सुचवणार नाही.

पायरी ५: लायब्ररींच्या लहरी

प्रोग्रामिंग भाषांची साधी साइन, कोसाइन, टॅन जवळपास सगळीकडे रेडियन घेतात. गोंधळ असतो तो भोवतालच्या फंक्शनांमध्ये, कारण चित्रकाम करणाऱ्यांना अंश सोयीचे वाटतात. कॅनव्हासचं रोटेट रेडियनमध्ये, त्याच ब्राउझरमधलं एसव्हीजीचं रोटेट अंशांत. सीएसएसमध्ये आकड्यापुढे एकक लिहावंच लागतं, आणि मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण तिथल्या साइनला एककाशिवाय नुसता आकडा दिला तर तो रेडियन धरला जातो. थ्री-जेएसमध्ये वस्तूचं फिरणं रेडियनमध्ये, आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भागाचा कोन अंशांत. युनिटीमध्ये ऑइलर कोन (तीन अक्षांभोवती किती फिरवायचं ते सांगणारे) अंशांत, पण मॅथएफ.साइन रेडियनमध्ये. पायथनचं टर्टल सुरुवातीला अंशांतच चालतं, पिलोचं रोटेट अंशांत आणि घड्याळाच्या उलट दिशेने. सायपायच्या रोटेशनमध्ये ऑइलर कोन देताना "डिग्रीज" हा पर्याय असतो आणि तो मुळात बंद असतो. ओपनएससीएडी तर साइनसुद्धा अंशांत काढतं.

हे पाठ करू नका. उद्या पाहाल त्या लायब्ररीचं उत्तर यात नसणार. पहिल्या पायरीतली ३० ची चाचणी मात्र तिथेही चालेल.

पायरी ६: उलटी फंक्शन्स

आर्कसाइन, आर्ककोसाइन आणि आर्कटॅन यांचं उत्तर रेडियनमध्ये मिळतं, हे विसरायला फार सोपं आहे, कारण आत दिलेला आकडा नुसतं गुणोत्तर असतो आणि एककाचा विषयच मनात येत नाही. आर्कसाइन(०.५) म्हणजे ०.५२३६. ३० हवे असतील तर बाहेर डिग्रीज लावा.

एखाद्या बिंदूची दिशा काढायची असेल तर आर्कटॅन(य / क्ष) न वापरता एटॅन-टू(य, क्ष) वापरा. त्याला चारही चरण कळतात, क्ष शून्य असला तरी ते अडत नाही, आणि बहुतेक भाषांत य आधी द्यायचा असतो. उत्तर −π ते π, म्हणजे −१८० ते १८० अंश. ० ते ३६० हवं असेल तर ३६० ने भागून बाकी घ्या. पायथनचं −३० % ३६० हे ३३० देतं, पण सी आणि जावास्क्रिप्टमध्ये −३० च उरतं. तिथे आधी ३६० मिळवा.

पायरी ७: जिथे नुसतं रूपांतर पुरत नाही

आतापर्यंत असं वाटलं असेल की साइनला द्यायच्या क्षणी कोन रेडियनमध्ये केला की संपलं. मग मधल्या गणितात अंश ठेवले तर बिघडलं कुठे? याचं उत्तर लंबकात आहे.

एक मीटर लांबीचा लंबक घ्या. त्याचं कोनीय त्वरण म्हणजे वजा (गुरुत्व ÷ लांबी) गुणिले साइन(कोन). समजा तुम्ही कोन अंशांत साठवलात, वेग अंश प्रति सेकंद ठेवलात, आणि साइनला देताना न चुकता रेडियन केलेत. छोट्या छोट्या पायऱ्यांनी प्रोग्राम चालवलात. लंबक अगदी सुंदर झुलतो, गुळगुळीत, तोल न जाता. फक्त एका हेलकाव्याला २ सेकंदांऐवजी १५.२ सेकंद घेतो.

साइनचं उत्तर बरोबरच आलं होतं. पण त्या सूत्रातून निघालेलं त्वरण रेडियन प्रति सेकंद वर्गात असतं आणि ते तुम्ही अंशांच्या वेगात मिळवलंत. त्यामुळे गुरुत्व ५७.३ पटींनी कमी झाल्यासारखं झालं, आणि दोलनकाल ५७.३ च्या वर्गमुळाने, म्हणजे ७.५७ पटींनी वाढला. स्क्रीनवर पाहून हे ओळखू येत नाही. "जरा हळू चाललंय" म्हणून कोणीतरी वेळेची पायरी वाढवतं आणि पुढे जातं.

मूळ कारण असं की साइनचा अवकलज (बदलाचा दर) कोसाइन असतो, हे फक्त रेडियनमध्येच खरं आहे. अंशांत प्रत्येक वेळी π ÷ १८०, म्हणजे ०.०१७४५३ हा गुणक चिकटतो. स्वतः करून बघा: ६०.००१ अंश आणि ६० अंश यांच्या साइनमधला फरक ०.००१ ने भागा. कोसाइन(६० अंश) म्हणजे ०.५ यायला हवं होतं, येतं ०.००८७३. जिथे वेग, त्वरण, उतार, किमान-कमाल किंवा कंसाची लांबी येते, तिथे कोन रेडियनमध्येच साठवा. चौथ्या पायरीतल्या नियमाचा खरा आधार हाच आहे.

नकाशातली अंतरं हे याच जातीचं उदाहरण. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एक अक्षांशाचं अंतर १११.२ किमी. गोलावरचं अंतर काढणाऱ्या हॅवरसाइन सूत्रात अक्षांश तसेच अंशांत टाकले तर एका अंशाचं उत्तर बरोबर ६,३७१ किमी येतं, म्हणजे एक त्रिज्या, एक रेडियन. हे लगेच लक्षात येतं. पण दहा अंशांना १,११२ ऐवजी १६,३५० किमी येतं, आणि ते सहज खपून जातं, कारण हॅवरसाइनचं उत्तर कधीच पृथ्वीच्या अर्ध्या परिघापलीकडे जात नाही. आकडे कितीही चुकीचे टाका, अंतर "पृथ्वीवरचंच" दिसतं.

पायरी ८: शेपटीतले आकडे

सगळं बरोबर केल्यावर नवशिक्याला पुढचा धक्का बसतो तो इथे. साइन(रेडियन्स(३०)) पायथनमध्ये ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येतं. कोसाइन ९० अंशांचं ० ऐवजी ६.१२३ई-१७ (म्हणजे ६.१२३ गुणिले १० चा −१७ वा घात) येतं. टॅन ९० अंशांचं अनंत किंवा एरर न येता १.६३३ई+१६ येतं.

यात साइनचा दोष नाही. π संगणकात पूर्ण मावत नाही. साठवलेला π खऱ्या π पेक्षा सुमारे १.२२५ई-१६ ने लहान आहे, आणि साइन(पाय) विचारलंत की उत्तर येतं तेच, १.२२४६ई-१६. तुम्ही दिलेल्या आकड्याचं ते अगदी अचूक साइन आहे. खरा π देणंच शक्य नव्हतं. म्हणून अशा उत्तरांची तुलना बरोबरच्या चिन्हाने करू नका. फरक एखाद्या छोट्या मर्यादेपेक्षा, समजा १ई-९ पेक्षा, कमी आहे का ते बघा. पायथनमध्ये त्यासाठी मॅथ.इज-क्लोज आहे. अपेक्षित उत्तर शून्य असेल तर त्याला ॲब्स-टोल ही मर्यादा वेगळी द्यावी लागते, नाहीतर ते नेहमी "नाही" म्हणतं.

इथे मी माझाच नियम थोडा मोडतो. काटकोनातच फिरणारं काही असेल, जसं चित्र ९० अंशांनी फिरवणं किंवा आराखड्याच्या आडव्या-उभ्या रेषा, तर अंश जास्त अचूक असतात, कारण ९० संगणकात तंतोतंत मावतो आणि π ÷ २ मावत नाही. मॅटलॅब आणि ज्युलियामध्ये साइन-डी, कॉस-डी अशी अंश घेणारी फंक्शन्स आहेत. पोस्टग्रेसमध्येही आहेत. कॉस-डी(९०) तिथे नेमकं शून्य देतं. ज्युलियात साइन-पाय हेही आहे, ते कोनाला आतमध्येच π ने गुणतं, आणि सी भाषेच्या २०२३ च्या प्रमाणातही ते आलं आहे.

खूप मोठे कोन असतील तरी हाच विचार करा. सतत फिरणाऱ्या चाकाचा कोन दशलक्ष फेऱ्यांनंतर ३६ कोटी अंश झाला असेल, तर त्याचे थेट रेडियन करू नका. त्यात नवव्या-दहाव्या दशांशस्थळापासून चूक शिरते. आधी अंशांतच ३६० ने भागून बाकी घ्या, ती क्रिया तंतोतंत होते, आणि मग रेडियन करा.

चूक आकड्यावरून ओळखताना

उत्तर अपेक्षेच्या ५७.३ पट किंवा ०.०१७४५ पट आलं, तर एक रूपांतर राहिलंय किंवा जास्तीचं झालंय. ७.५७ पट आलं तर तोच गुणक कुठेतरी वर्गमुळातून गेलाय. लहान कोन देऊनही काहीच हालत नसेल तर दोनदा रूपांतर किंवा पूर्णांकांचा भागाकार बघा. दर पायरीला उत्तर इकडून तिकडे उड्या मारत असेल, कधी धन कधी ऋण, तर साइनला सरळ अंश मिळतायत. आणि गोल फिरणारी वस्तू उलटी फिरताना दिसली, तर चिन्ह बदलण्याआधी एका पायरीला ती नक्की किती अंश फिरतेय ते छापून बघा.